सोळा ऑक्टोबरची ओळ

बावीस वर्षं भोजराज कापगतेने दुसऱ्याने लिहिलेलं ताडून पाहण्याची नोकरी केली होती. भंडाऱ्याच्या त्या कचेरीत जुन्या कागदांच्या नकला व्हायच्या आणि नक्कल झाली की तिची रुजुवात व्हायची. म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत जायचं आणि शेवटी ‘रुजू’ असं लिहून खाली सही ठोकायची. वाचणारा तुलाराम आणि बोट फिरवणारा भोजराज. तुलारामचा आवाज इतका एकसुरी की दुपारी तीननंतर दोघांपैकी नक्की कोण जागं आहे हे तिसऱ्याला सांगता येत नसे, तरी त्या जोडीच्या हातून चूक सुटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. भोजराजला या कामाचा अभिमान नव्हता. अभिमान बाळगायलाही अंगात थोडा जोर लागतो. पण एक नियम त्याच्या हाडात मुरला होता. लिहिलेलं खरवडायचं नाही, त्यावर शाई फासायची नाही. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, बाजूला आद्याक्षर करायचं, तारीख घालायची. खोडलेलं पुढच्या माणसाला वाचता आलं पाहिजे.

अठ्ठ्याऐंशी साली तुलाराम निवृत्त होऊन बपेऱ्याला आपल्या शेतावर गेला आणि त्याच्या जागी कचेरीने कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी मागची खोली रंगवून घेतली, थंड हवेचं यंत्र बसवलं, दारात चपला काढायची पाटी लावली. साहेबांच्या खोलीत मात्र जुनाच पंखा कुरकुरत राहिला, आणि साहेब काही ना काही निमित्त काढून दुपारचे कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन बसू लागले. शहरातल्या घराघरांची पाहणी झाली होती, तिचे अर्ज गठ्ठ्यांनी आले होते आणि वॉर्डागणिक एकेक फाईल करून ते सगळे आत चढवायचे होते. कोणाच्या घरात कोण, नातं काय, वय किती. नंतर जन्म, मृत्यू, लग्नं होतील तसतशी ती फाईल बदलत न्यायची. पन्नाशीला दोन वर्षं उरलेल्या भोजराजला दोन बोटांनी टाइप करायला शिकवण्यात आलं आणि चार नंबरचा माणूस म्हणून त्याची यंत्रात नोंद झाली.

नागपूरहून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घनश्याम नावाचा तिशीतला इंजिनियर यायचा. त्याने एक छोटीशी स्क्रिप्ट लिहून दिली होती, जेमतेम बारा ओळींची. संध्याकाळी पाच वाजता ती चालवली की यंत्र कालची फाईल आणि आजची फाईल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाही आणि जिथे फरक असेल तेवढंच प्रिंटरवर छापून देई: आधी काय होतं, आता काय आहे, कोणत्या नंबरच्या माणसाने बदललं, किती वाजता, कशासाठी. कालची फाईल पुसली जात नसे. तिच्यावर अनुक्रमांक पडे आणि ती आत जपून राही, म्हणजे पुढेमागे कोणालाही हवी ती जुनी फाईल काढून बघता यावी.

“ही तुमची रुजुवातच आहे, कापगतेजी,” घनश्याम म्हणाला होता. “फरक इतकाच का वाचणारा थकत नाही.”

हे ऐकून भोजराजला बरं वाटलं होतं, आणि थोडं वाईटही. तो स्वतः फार थकला होता. झोपून न जाणारा, रविवाराने न भरून येणारा तो थकवा होता आणि तो नेमका कधीपासून आहे हे त्याला माहीत होतं, फक्त तो तिकडे वळून पाहत नसे.

पुढच्या वर्षी सोळा ऑक्टोबरला, सोमवारी, वॉर्ड सातच्या कागदावर तीनच बदल आले. एक सून नांदायला आली होती, एका म्हाताऱ्याचं वय दुरुस्त केलं होतं. ते दोन्ही भोजराजनेच केले होते आणि त्यांचे अर्ज समोर होते. तिसरी ओळ अशी होती: घर क्रमांक २१४, तारा भोजराज कापगते, मुलगी, वय १७; ओळ काढली; नंबर चार; दुपारी तीन वाजून वीस मिनिटं; कारण, नाही.

दोनशे चौदा हे त्याचंच घर होतं. त्या घरात तो आणि त्याची बायको चंद्रकांता अशी दोनच माणसं राहत होती. दुपारी तीनला वीज गेली होती, चारपर्यंत आली नव्हती, आणि तेवढा वेळ तो खोलीला कुलूप घालून बाहेरच्या बाकावर बसला होता. हे सगळं त्याने मनाशी क्रमाने मांडून पाहिलं. मग कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

थट्टा म्हणावी तर करणारं कोण होतं? ते नाव कचेरीत कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. कचेरीतच काय, जगातही नव्हतं. बहात्तर साली, गावाकडे सानगडीला, दुष्काळात चंद्रकांताला मुलगी झाली ती रडली नाही. सुईणीने पाठीवर थापट्या मारल्या, पाय धरून उलटी धरली, मग कपड्यात गुंडाळून भोजराजच्या हातात दिली आणि त्याने ती कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पाळीपलीकडे नेऊन पुरली. पुढे मूल झालं नाही. जिचं बारसं व्हायचं नव्हतं तिचं नाव चंद्रकांताने एकदाच, त्याच रात्री, भिंतीकडे तोंड करून घेतलं होतं. त्यानंतर सतरा वर्षांत ते दोघांपैकी कोणाच्याही तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या फायली काढल्या. वॉर्ड सातच्या पहिल्या फाईलमध्ये तारा होती. दुसरीत होती, दहावीत होती, मार्चपासून चौदा ऑक्टोबरपर्यंतच्या प्रत्येक फाईलमध्ये होती. अर्जांचा गठ्ठा सोडून त्याने आपल्या घराचा अर्ज पाहिला. तो त्याने स्वतःच भरला होता आणि त्यावर दोनच नावं होती. मग त्याने पहिल्या दिवशीचा छापील कागद शोधला, जो त्या वेळी अर्जांशी ताडून त्याने लाल पेन्सिलने तपासला होता. दोनशे चौदा क्रमांकाखाली तीन ओळी होत्या. तिन्हींपुढे त्याची लाल खूण होती आणि पानाच्या तळाशी त्याच्याच अक्षरात ‘रुजू’ लिहिलेलं होतं.

त्याने ती ओळ पुन्हा टाइप केली. का केली हे त्याला सांगता आलं नसतं. संध्याकाळच्या कागदावर ती आली. भरली, नंबर चार. आणि लगेच खाली, काढली, नंबर चार, कारण, नाही. बुधवारी त्याने पुन्हा भरली. गुरुवारी तो दिवसभर जागेवरून उठलाच नाही, पाणी प्यायलाही नाही, हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसला, आणि तरी पाचच्या कागदावर तेच होतं. सतत बघत असूनही आपल्या हातांनी मधल्या वेळात काय केलं याची त्याला खात्री देता येईना. त्यानंतर त्याने भरणं सोडून दिलं. थकलेल्या माणसाला भीतीसुद्धा फार वेळ धरून ठेवता येत नाही.

दिवाळी झाली. शेजारच्या घरातला यादोराव, सहा महिने खाटेला खिळलेला, दिवाळीनंतर आठव्या दिवशी गेला. भोजराजने त्याला खांदा दिला आणि सोमवारी कचेरीत त्याची ओळ काढली, कारण, मृत्यू. पंधरा दिवसांनी त्याच घरात यादोरावची सून बेबीबाई बाळंत झाली. लग्नाला तीन वर्षं होऊन पहिलं पोर, तेही चांगलं गुटगुटीत. तिला माहेरचं कोणी नव्हतं, त्यामुळे बाळाला तेल लावायला आणि न्हाऊ घालायला चंद्रकांता रोज सकाळी जाऊ लागली. ती परत आली की तिच्या हातांना तिळाच्या तेलाचा आणि धुरीचा वास येत असे. जेवायला वाढताना तो वास भोजराजच्या ताटापाशी येई. चंद्रकांता त्या दिवसांत जास्त बोलू लागली होती, आणि ते बोलणं ऐकवत नव्हतं.

अशाच एका सकाळी त्याने घडी केलेला कागद तिच्यासमोर ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवला.

चुलीतलं लाकूड तिने मागे ओढलं.

“वय किती लिवलं म्हन्ता?”

“सतरा.”

तिने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. “सतराच झाली असती,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “तुमी लिवलं होतं का?”

“मले आठवत नाई.”

“अन् खोडलं बी तुमीच?”

“नंबर माझाच आहे.”

“काहून खोडलं मंग?”

ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती उठली, पदराला हात पुसले आणि शेजारी बाळाला न्हाऊ घालायला निघाली. दारात थांबून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “राहू द्याले पायजे होती. कोनाचं काय खाऊन राहिली होती ते.”

हे वाक्य भोजराजच्या डोक्यातून जाईना. सतरा वर्षांत तिने त्याच्याकडे साडी मागितली नव्हती, सोनं मागितलं नव्हतं, सानगडीला परत नेण्याचा हट्ट धरला नव्हता. आता मागितली ती एक ओळ, आणि तीही त्याच्या स्वतःच्या कामातली. तेवढं आपल्याला देता येऊ नये याची त्याला लाज वाटली. ती ओळ परत आणायची आणि तिथून ती हलू द्यायची नाही, एवढं एकच त्याला आता हवं होतं.

चार डिसेंबरला घनश्याम आला. भोजराजने त्याला आडवळणाने विचारलं, की समजा एखादी ओळ पुन्हापुन्हा निघून जात असेल तर काय करायचं.

“आपोआप कशी जाईल?” घनश्याम हसला. “माझी स्क्रिप्ट फक्त पाहते अन् सांगते, कापगतेजी. माणसाशिवाय फाईलीत एक काना हलत नाही.”

“समजा कोणी हलवून राहिलं.”

“तं मग जुनी फाईल काढा, जिच्यात ती ओळ आहे. तिले आजच्या जागी ठेवा, अन् कुलूप लावा. कुलूप लागलं का कोणालेच काही करता येत नाही, तुम्हाले पण नाही.” त्याने कुलूप लावायची आणि काढायची आज्ञा एका चिठ्ठीवर लिहून दिली, आणि चिठ्ठी देतादेता म्हणाला, “पण ध्यानात ठेवा हं. एक ओळ मागे नेता येत नाही, फाईल पूरी मागे जाते. त्या तारखेनंतर जे जे झालं ते सगळं त्यातून जाईल. ते पुन्हा चढवायचं तं कुलूप खोलावं लागेल.”

मंगळवारी दुपारी भोजराजने हिशेबाने यादी केली. चौदा ऑक्टोबरनंतर वॉर्ड सातमध्ये अकरा जन्म भरले गेले होते, सात मृत्यू, चार लग्नं. अकरांत बेबीबाईचा मुलगा होता, अजून नाव न ठेवलेला. यादीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. ही माणसं काही फाईलमुळे जगत नव्हती. पोरं पाळण्यात होती, दूध पीत होती, सुना नांदत होत्या. मेलेल्यांच्या राखेचीही सोय लागली होती. त्यांच्या ओळी कागदाच्या गठ्ठ्यात मार्चपर्यंत पडून राहिल्या असत्या तरी कोणाचं काय अडणार होतं. त्या सगळ्यांना घरं होती. ताराला मात्र दुसरी जागा नव्हती. असा विचार करताना आपण बरोबर बोलतो आहोत असं त्याला वाटलं, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाला इतकं समजावून सांगावं लागत नाही, हेही वाटलं. पण ते तेवढ्यापुरतंच.

त्याने चौदा ऑक्टोबरची फाईल काढली, आजच्या जागी ठेवली आणि चिठ्ठीत बघून कुलूप लावलं. पाच वाजता स्क्रिप्ट चालवली. प्रिंटर बराच वेळ करकरत राहिला. कागदाची लांब पट्टी खुर्चीमागे जमिनीवर घडीवर घडी पडत गेली. बावीस वर्षं आणि वर एक, इतक्या काळात भोजराजने न वाचता सही केली नव्हती. त्या दिवशी त्याने पट्टीचं फक्त शेवटचं पान उचललं, तळाशी ‘रुजू’ लिहिलं, सही केली आणि दिवे मालवून निघाला. डोळे इतके दुखत होते की अक्षरं एकमेकांत शिरत होती.

दिवेलागणीची वेळ होती. गल्लीत चुलींचा धूर खाली बसला होता. घराचा ओटा आणि शेजारचा ओटा एकच होता, मध्ये नुसती एक विटांची ओळ. शेजारच्या ओट्यावर खाट टाकलेली होती आणि तिच्यावर घोंगडी पांघरून यादोराव बसला होता.

“आले का बाबू,” यादोराव म्हणाला. “थंडी लय सुटली आज.”

भोजराजच्या उजव्या खांद्याला ते ओझं अजून आठवत होतं. त्याने काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. मग त्याला घनश्यामचं ‘त्या तारखेनंतर जे जे झालं ते सगळं जाईल’ हे वाक्य आठवलं आणि त्यासरशी, यादोरावचं भय वाटण्याआधीच, तो स्वतःच्या दाराकडे वळला.

दार उघडं होतं. कंदिलाजवळ एक मुलगी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. सावळी, हडकुळी, हनुवटीवर तीळ. चंद्रकांताचं जुनं हिरवं पातळ नेसलेली. तिने मान वर केली. “बाबा, पाय धुवा. पानी ठेवलं हाये.”

त्याने तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं. आपली मुलगी पाहिल्यावर बापाला जे जे आठवावं त्यातलं त्याला काहीच आठवलं नाही. ताप नाही, शाळा नाही, खांद्यावर बसवून नेलेली जत्रा नाही. तरी त्याला असा आनंद झाला की चपला काढायचंही ध्यानात राहिलं नाही. आतून चंद्रकांता ओरडली, “तारे, सूप ठेव अन् ताटं घे. कवाची सांगून राहिली.” त्या आवाजात सतरा वर्षांची सवय होती, कंटाळाही होता. भरलेल्या घरातल्या बाईचा तो साधा, रोजचा कंटाळा भोजराजला ऐकत राहावासा वाटला. त्याने पाय धुतले. तीन ताटं मांडलेली होती. पहिल्या घासापाशी त्याच्या लक्षात आलं की वाढणाऱ्या चंद्रकांताच्या हातांना कसलाही वास येत नाही.

तेवढ्यात बेबीबाई दारात आली. पदर तिने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट गोळा करून धरला होता. भोजराजला बघून ती आडोशाला झाली आणि चंद्रकांता उठून तिच्याजवळ गेली.

“काय झालं वं?”

“काकी, कोनाला सांगू नोका.” बेबीबाईचा आवाज अगदी लहान होता. “दूध येऊन राहिलं.”

“कोनाचं दूध?”

बेबीबाईने पदर थोडा बाजूला केला असावा, कारण चंद्रकांता वाकून बघू लागली. कंदिलाच्या उजेडात भोजराजला भिंतीवर दोघींच्या सावल्या दिसत होत्या.

“दुपारपासून,” बेबीबाई म्हणाली. “सगळी चोळी भिजली. मले पोर ना सोर, तीन वर्स झाली. काहून येत असंल, काकी? अन् हात असे होऊन राहिले, जसं काही खाली ठेवलं अन् कोठी ठेवलं ते आठवत नाई.”

“बाहेरचं असंल काही. उद्या दवाखान्यात जाऊ,” चंद्रकांता तिची समजूत घालू लागली. “भेऊ नोको. मी येतो संगं.”

भोजराज खाली बघत होता. कुलपाची चिठ्ठी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती आणि कचेरी सकाळी साडेदहाला उघडणार होती. कुलूप काढायला एक मिनिटही लागलं नसतं, आणि मग ती ओळ निघून जायलाही. तारा पातेलं घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली आणि त्याने मान वर करायची वाट बघत राहिली. तिच्या मनगटावर लहानपणी भाजल्याचा एक जुना डाग होता.

दाराशी बेबीबाई अजून रडत होती. भोजराजने ताट थोडं पुढे सरकवलं.

“वाढ, बाई,” तो म्हणाला.